रोध, रोधक आणि 'एकसर' – कोणता शब्द कुठे?

जळगावहून प्रश्न
मंडळी एक शंका आहे. सोलरच्या बॅटरीवर लाल इंडिकेटर बसवत होतो, 12 व्होल्ट, त्यातले 2 व्होल्ट एलईडी खातो, उरले 10, करंट 20 मिलिअँप, म्हणजे 500 ओहमचा रेझिस्टर पाहिजे. दुकानात 470 नंतर सरळ 560. मग 1 के चे, म्हणजे 1000 ओहमचे, दोन पॅरलल मारले, झाले 500. भाची बाजूलाच बसलेली, ती म्हणे मामा, पुस्तकात एकसर आणि समांतर आहे, आणि दोन रोधक लावले तर रोध कमी कसा झाला? आम्ही आयुष्यभर सिरीज-पॅरलल म्हणणारे, एकसर म्हणजे काय ते सांगताच येईना. आणि रोध का रोधक?

धुळ्याहून
भाऊ, रस्त्यावर गतिरोधकाची पाटी असते ना, तेच. रोधक ही वस्तू, दुकानातून आणायची, आणि रोध हा तिचा गुण, ओहममध्ये मोजायचा. काही जण 'विरोध' लिहितात ते मला पटत नाही, विरोध समोरून येणाऱ्याला होतो, रोधक कुठल्याही बाजूने लावा तेवढाच अडवतो.

आणि एकसर मधला सर म्हणजे मोत्यांचा सर! एकाच दोऱ्यात एकामांगे एक मणी. दोरा एक म्हणून करंट सगळ्यांतून सारखाच, रोधाची नुसती बेरीज. तुमच्याकडे 470 आणि 33 असते तर एकसर लावून 503 आले असते, काम तेच. दिवाळीच्या जुन्या सिरीजमधला एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची, दोरा तुटल्यासारखी.

रावेरहून
एकसर शब्द गोडच आहे, घोळ समांतरचा आहे. पोरं समजतात शेजारी-शेजारी ठेवले की समांतर. बोर्डावर चिकटून असलेले दोन रोधक एकसर असू शकतात आणि वेडेवाकडे लावलेले समांतर, बघायचं एवढंच की दोघांची दोन्ही टोकं एकत्र बांधलीत का. कमी का होतो ते केळीच्या बागेत दाखवा, ठिबकची प्रत्येक नळी पाणी अडवतेच, पण दुसरी नळी जोडली की पाण्याला आणखी एक वाट मिळते. म्हणून 'एकूण रोध' पण म्हणू नये, एकूण म्हटलं की पोरं बेरीज करतात, परिणामी रोध म्हणा. आणि दादा, दोन लावले ते बरंच केलं, एकट्या 500 वर 0.2 वॅट पडले असते, पाव वॅटच्या रोधकाच्या मर्यादेच्या अगदी काठावर, आता प्रत्येकावर 0.1 च.

धुळ्याहून
मग समांतरला दोनसरी म्हणायला काय हरकत आहे? दोनसरी पोतीचे दोन्ही सर दोन्ही टोकांना एकत्रच बांधलेले असतात.

जळगावहून
ताईंच्या गळ्यातली पोतच दाखवली भाचीला. तिने लगेच वहीत तीनसरी काढली, तीन 1 के, आणि स्वतःच 333 लिहिलं.