फाशी कायम करण्याच्या खटल्यांना उच्च न्यायालयात एक वर्षाची मुदत हवी का?

वडाची_सावली

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की मोठा मथळा येतो आणि लोकांच्या लेखी खटला संपतो. कायद्याच्या लेखी तो तिथे अर्धाही झालेला नसतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६६ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०७ सांगतं की उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ही शिक्षा अमलात आणता येत नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी कागद वर जातातच. दोन न्यायाधीशांनी सगळा पुरावा पहिल्यापासून तपासायचा, गरज वाटली तर नवा पुरावाही मागवायचा.

पण हे किती दिवसांत करायचं? त्यावर कायदा गप्प आहे.

कसाबला मे २०१० मध्ये फाशी सुनावली गेली, फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. खैरलांजीत भंडाऱ्याचा निकाल सप्टेंबर २००८ चा. नागपूर खंडपीठाने जुलै २०१० मध्ये फाशीची २५ वर्षांची कैद केली. शक्ती मिलची फाशी एप्रिल २०१४ ची, ती रद्द होऊन मरेपर्यंत जन्मठेप झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. आणि ११ जुलै २००६ चे लोकल बॉम्बस्फोट: मोक्का न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात वारला होता. निर्दोष ठरला चार वर्षांनी.

माझं म्हणणं सरळ आहे. एक वर्षाची मुदत कायद्यातच घाला. तेवढ्यात निकाल नाही लागला तर फाशी आपोआप जन्मठेपेत बदलावी. अपील चालू राहू दे, डोक्यावरचा दोर तेवढा जाईल.

पारावरचा

अजिबात सहमत नाही. ७/११ चं, म्हणजे लोकल स्फोटांचं, उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. एक वर्षात निकाल लावायचा म्हणजे २०१६. १८० हून अधिक माणसं मेलेल्या खटल्यात, कायद्याचं घड्याळ डोक्यावर असताना, कोणत्या पीठाने एवढं बारकाईने वाचलं असतं? पाचही फाशा कायम झाल्या असत्या. उशीर झाला म्हणूनच ती माणसं जिवंत आहेत.

वडाची_सावली

@पारावरचा, ती उशिराने वाचली नाहीत, सलग सुनावणीने वाचली. जुलै २०२४ मध्ये विशेष पीठ बसलं, ३१ जानेवारी २०२५ ला निकाल राखून ठेवला. म्हणजे प्रत्यक्ष काम सहा-सात महिन्यांचं. त्याआधीची नऊ वर्षं कोणी बारकाईने वाचत बसलं नव्हतं, प्रकरण नुसतं पडून होतं. आणि न्यायमूर्ती किलोर आणि चांडक यांच्या पीठाने दाखवलेल्या त्रुटी बघा. वेगवेगळ्या आरोपींचे कबुलीजबाब जवळपास शब्दाला शब्द सारखे. ओळखपरेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली त्याला तसा अधिकारच नव्हता. टॅक्सीवाल्यांना शंभरहून अधिक दिवसांनी चेहरे आठवले. २०१६ मध्येही हे सगळं त्याच कागदांवर होतं.

काळा_कोट

फौजदारी अपिलं चालवतो, म्हणून जरा लांबण लावतो.

कन्फर्मेशन केस, म्हणजे फाशी कायम करण्याचा खटला, का रखडते याची बाहेर फार थोरली कारणं सांगितली जातात. खरी कारणं कंटाळवाणी आहेत. पहिलं पेपर बुक, म्हणजे न्यायाधीशांपुढे ठेवायची खटल्याच्या सगळ्या कागदांची प्रत. तालुक्या-जिल्ह्यातल्या साक्षी, पंचनामे, जबाब मराठीत. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत. हजारो पानांचं भाषांतर, टायपिंग, तपासणी झाल्याशिवाय मॅटर बोर्डावर लागून काही उपयोग नसतो. त्यात एखादं पान गायब असलं की पुन्हा जिल्ह्याला पत्र. दुसरं रोस्टर, म्हणजे कोणत्या पीठाने कोणतं काम ऐकायचं त्याची वाटणी. एका पीठाने अर्धं ऐकलं, तोवर न्यायाधीश निवृत्त झाले किंवा नेमणूक बदलली, की पुढचं पीठ पहिल्या साक्षीदारापासून सुरू. मुंबईत न्यायाधीशांची मंजूर पदं ९४, आणि ती पूर्ण भरलेली क्वचितच. त्याच दोन न्यायाधीशांपुढे जामीन, रिट, बाकीची अपिलं रोज रांगेत असतात. फाशीचा खटला सलग ऐकायचा म्हणजे बाकी सगळ्यांना तारीख द्यायची. शक्ती मिलमध्ये तर आणखी एक पेच होता: ज्या ३७६ई कलमाखाली (पुन्हा बलात्कार करणाऱ्याची शिक्षा) फाशी झाली त्याच्या वैधतेलाच आव्हान होतं, ते जून २०१९ मध्ये निकाली निघालं.

आता जी गोष्ट मला खरंच खटकते ती. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या त्रिवेणीबेन निकालात ठरवलं की फाशी जन्मठेपेत बदलून मागताना न्यायालयात गेलेला वेळ धरायचा नाही. न्यायालयीन प्रक्रिया संपल्यानंतरचा उशीर तेवढा मोजायचा. म्हणून बालहत्याकांडातल्या गावित बहिणींना जानेवारी २०२२ मध्ये दिलासा मिळाला, कारण दयेच्या अर्जाची फाईल सरकारात लोळत होती. पुण्याच्या बीपीओतल्या तरुणीच्या बलात्कार-खून प्रकरणात २०१९ मध्ये दोघांची फाशी जाऊन ३५ वर्षं झाली, तीही अंमलबजावणीतल्या उशिरापायी. फाईल मंत्रालयात अडकली तर उशीर अमानुष, आणि तीच उच्च न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये अडकली तर कामकाजाचा भाग! कोठडीतल्या माणसाला दोन्हीकडची रात्र सारखीच लांब असते.

तरी मुदत संपताच आपोआप जन्मठेप, याला माझाही विरोध. कारण पुढे कोणीतरी सांगेलच.

तिखट_मिरची

मीच सांगते. वकील तारखा मागत बसतील. अकरा महिने काढले की झालं, अशील वाचला. बळीच्या घरच्यांनी काय करायचं?

या सगळ्या चर्चेत त्यांचं नाव कोणी घेत नाही. कोपर्डी घ्या. जुलै २०१६ चा गुन्हा, नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी. लाखोंचे मूक मोर्चे निघाले म्हणून खालचं न्यायालय पळालं. पुढे? सप्टेंबर २०२३ मध्ये एका दोषीने येरवड्यात आत्महत्या केली, तेव्हाही उच्च न्यायालयाचा निकाल आलेला नव्हता. त्या आईबापाला न्यायालयाकडून ना होकार मिळाला ना नकार. मुदत हवीच. पण मुदत चुकली तर शिक्षा न्यायव्यवस्थेला करा, आरोपीला बक्षीस कशाला?

पारावरचा

+१. दिल्लीच्या निर्भया प्रकरणात उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत फाशी कायम केली, सप्टेंबर २०१३ ते मार्च २०१४. त्यासाठी कोणतीही आपोआपवाली तरतूद लागली नाही. मुख्य न्यायमूर्तींनी मनावर घेतलं की होतं.

वडाची_सावली

@पारावरचा, मनावर कधी घेतलं जातं ते तुमच्या उदाहरणातच आहे. देश रस्त्यावर आला की सहा महिने, कॅमेरे गेले की नऊ वर्षं. एरवी कोणाच्या तरी मर्जीवर चालतं म्हणूनच लिखित नियम हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्वतःकडच्या फाशीच्या अपिलांसाठी सहा महिन्यांत बोर्डावर लावण्याचा नियम केला. मग उच्च न्यायालयाला का नको?

@तिखट_मिरची, आरोपीकडून मागितलेल्या तारखांचे दिवस वजा करा की वर्षातून. जामिनाच्या बाबतीत कायदा असले हिशेब करतोच.

काळा_कोट

वजाबाकी कागदावर सोपी दिसते. पेपर बुकमध्ये पानं कमी आहेत म्हणून बचावाने तारीख मागितली, तर ती कोणाच्या खात्यात? त्यावरच वेगळी सुनावणी लागेल. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या मनोज निकालापासून आरोपीचा मानसिक अहवाल, तुरुंगातली वागणूक, घरची परिस्थिती, हे सगळं सरकारने गोळा करून द्यायचं असतं. बऱ्याचदा ते उच्च न्यायालयाच्या पायरीवरच पहिल्यांदा तयार होतं. घाईत तेवढंच गाळलं जाईल, आणि फाशी की जन्मठेप हे नेमकं त्यावर ठरतं.

सरळमार्गी

सगळेच फाशी राहणार असं धरून बोलताय. काढून टाका ना फाशी, कलम ४०७ आपोआप निकामी.

तिखट_मिरची

@सरळमार्गी, त्याचा वेगळा धागा काढा.

पारावरचा

बरं, तडजोड. आपोआप जन्मठेप वगळा. त्याऐवजी वर्ष संपलं की प्रकरण मुख्य न्यायमूर्तींपुढे आपोआप जावं, आणि उशीर का झाला ते लेखी, जाहीर व्हावं. आणि ७/११ चा निकाल अंतिम असल्यासारखं बोलू नका. राज्य सरकार अपिलात गेलं. २४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही, पण त्या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देऊ नये असं सांगितलं.

वडाची_सावली

लेखी कारण चालेल. पण ते कारण 'न्यायाधीश कमी आहेत' हेच असणार, दरवर्षी, प्रत्येक प्रकरणात. मग काय करायचं?

काळा_कोट

मग निदान भाषांतरकार नेमा. न्यायाधीशांची नेमणूक राज्याच्या एकट्याच्या हातात नाही. भाषांतरासाठी माणसं आणि पैसे देणं मात्र आहे. फाशी सुनावल्याच्या दिवसापासून तीन महिन्यांत पेपर बुक तयार, एवढं एकच बंधन घाला, बघा किती वर्षं गळून पडतात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. सांगली-सोलापूरचे कागद तिथे जातात. सुरुवात तिथून करता येईल, जुना ढीग कमी आहे.

तिखट_मिरची

तीन महिन्यांचं बंधन पाळलं नाही तर?

काळा_कोट

जिल्ह्याच्या प्रबंधकाला खुलासा द्यायला मुंबईला बोलवा. एकदाच बोलवावं लागेल.