मदत हवी आहे: सेलमध्ये पैसे कापले गेले, आता म्हणतात स्टॉक संपला

लोडिंगवाला | रात्री ९:०४
तातडीने मदत हवी आहे. साडेआठच्या फ्लॅश सेलमध्ये गेम घेतला. पानावर 'फक्त ११ शिल्लक' दिसत होतं. पैसे कापले गेले आणि पुढच्याच पानावर 'सोल्ड आउट'. की (गेम चालू करायचा कोड) आली नाही. सेल बाराला संपतोय. पैसे परत कसे मिळवायचे, आणि तोवर दुसरीकडून घेऊ का? डिजिटल मालाचा स्टॉक कसा काय संपतो यावर प्रवचन नको, घाई आहे.

बिनपगारी पंच | रात्री ९:०८
साइट कुठली? की स्टीमची, एपिकची (पीसी गेमची ऑनलाइन दुकानं), की प्लेस्टेशनचा कोड? यूपीआय, कार्ड की वॉलेट? रक्कम किती? ऑर्डर नंबर पडला का? यातलं काहीच न सांगता उपाय कसा सांगायचा?

ढालतलवार | रात्री ९:१०
स्टीमवरूनच घ्यायचा ना. तिथे स्टॉक बिक भानगडच नाही. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो. बाहेरून आणलेल्या कीला स्टीम हा रिफंड देत नाही, हे लोकांना पैसे गेल्यावर कळतं.

सावकाश | रात्री ९:१३
प्रवचन नको म्हणालात, तरी एवढं वाचा, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. स्टीमच्या की व्हॉल्व्हकडून, म्हणजे स्टीमच्या मालक कंपनीकडून, तयार होतात. डेव्हलपर किंवा पब्लिशर त्या मागतो आणि बाहेरच्या दुकानांना गठ्ठ्याने देतो. बाहेर विकलेल्या कीवर व्हॉल्व्ह वाटा घेत नाही, त्यामुळे वारेमाप मागितल्या तर नकारही देतं. सेलसाठी दुकानाला वेगळा, छोटा गठ्ठा मिळालेला असू शकतो. तो संपला की नवा येईपर्यंत दुकानाचे हात रिकामे.

आता तुमच्या बाबतीत काय झालं असेल? बहुतेक दुकानं की कार्टमध्ये टाकल्यावर राखून ठेवत नाहीत, पैसे मिळाल्याचा निरोप गेटवेकडून (पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीकडून) आला की मगच देतात. साडेआठला शेकडो लोक एकदम पिन टाकत असतात. कुणाचा निरोप दोन सेकंदांत पोचतो, कुणाचा मिनिटाने. ज्याचा उशिरा पोचला त्याचे पैसे कापलेले आणि की दुसऱ्याला गेलेली.

मिरचीभजी | रात्री ९:१५
'फक्त ११ शिल्लक' हे बहुतेक वेळा थोतांड असतं हो. खोटी घाई दाखवून माल खपवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चक्क डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी मांडणी) म्हणून नोंदवलेलं आहे. असे एकूण १३ प्रकार आहेत आणि खोटी निकड त्यातला पहिलाच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

सावकाश | रात्री ९:१८
आकडा खरा असला तर तो डार्क पॅटर्न नाही. खोटा आहे हे आधी दाखवायला हवं. तपासायची सोपी रीत: तेच पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. तिथे ११ ऐवजी २३ दिसलं, किंवा रिफ्रेश केल्यावर आकडा वर गेला, तर तो तिथल्या तिथे बनवलेला असण्याची शक्यता मोठी. दुसरी रीत: '११ शिल्लक' असताना कार्टमध्ये २० टाकून बघा. बिनतक्रार घेतले तर आकडा निव्वळ शोभेचा असू शकतो. पण 'एका ग्राहकाला जास्तीत जास्त २' असा संदेश आला तर त्यावरून काहीच ठरत नाही, ती मर्यादा वेगळी असते.

लोडिंगवाला | रात्री ९:२०
यूपीआय. १,१४९ रुपये. स्टीमची की. साइटचं नाव टाकत नाही, मागच्या वेळी नावावरून धागा उडाला होता. आता कृपया कुणीतरी पैशांबद्दल बोला.

व्हीपीएनशेठ | रात्री ९:२१
तुर्कीचं व्हीपीएन लावा, निम्म्या किमतीत घ्या, कसला सेल न् कसलं काय.

ढालतलवार | रात्री ९:२४
जुनी टेप वाजवू नका. स्टीमने तुर्कीचं लिरातलं दुकान २०२३ च्या नोव्हेंबरमध्येच बंद करून तिथे डॉलर आणले. शिवाय देश बदलायला त्या देशातलं पैसे भरण्याचं साधन लागतं आणि एकदा बदलला की तीन महिने पुन्हा बदलता येत नाही. व्हीपीएनने ठिकाण लपवणं तर त्यांच्या कराराविरुद्धच आहे, खातं अडकलं तर सगळी लायब्ररी अडकते. आपल्याकडच्या रुपयांतल्या किमती मुळात कमी असतात, हा खटाटोप कशाला?

रुपयापैसा | रात्री ९:२७
लोडिंगवाला, पैशांबद्दल. यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडा आणि तीन गोष्टी इथे लिहा (नंबर पूर्ण टाकू नका):
१. स्थिती काय आहे, यशस्वी की प्रलंबित?
२. पैसे कुणाच्या नावावर गेले, दुकानाच्या की मधल्या पेमेंट कंपनीच्या?
३. १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) दिसतोय का?
आणि साइटवर 'माझ्या ऑर्डर्स'मध्ये काही दिसतं का तेही बघा. स्पॅमसकट मेल तपासा.

मिरचीभजी | रात्री ९:२९
एवढं कशाला? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पाच दिवसांत पैसे आपोआप परत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई.

रुपयापैसा | रात्री ९:३४
अर्धाच नियम सांगितलात. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यूपीआयने दुकानाला पैसे देण्याबद्दल जे आहे ते असं: खात्यातून पैसे गेले पण दुकानाकडे व्यवहाराची पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत, आणि त्यापुढे दिवसाला १०० रुपये. इथे सगळी गोम 'पुष्टी पोचली नाही' यात आहे. दुकानाला पैसे पोचले आणि दुकानाकडे माल नाही, तर बँकेच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झाला. मग पाच दिवस काय, पन्नास दिवस थांबलात तरी आपोआप काही येणार नाही. तो रिफंड दुकानानेच सुरू करावा लागतो. म्हणून पैसे कुठे अडकलेत ते आधी शोधायचं.

गेमखुळा_सांगली | रात्री ९:३६
गेम कुठला आहे? आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे? ८ जीबीच्या कार्डावर नवे गेम अल्ट्रा टेक्स्चरवर अडखळतात. टेक्स्चर हाय वर आणा, रे ट्रेसिंग बंद ठेवा.

लोडिंगवाला | रात्री ९:४१
ग्राफिक्स कार्डाबद्दल विचारलेलं नाही.
रुपयापैसा: स्थिती यशस्वी. नाव दुकानाचं नाही, कुठल्या तरी पेमेंट कंपनीचं आहे. यूटीआर आहे. ऑर्डर्समध्ये नंबर पडलाय आणि पुढे 'प्रोसेसिंग' आहे. स्पॅममध्ये इनव्हॉइससुद्धा सापडला. रक्कम युरोमध्ये आहे.

बिनपगारी पंच | रात्री ९:४३
इनव्हॉइस आला, ऑर्डर पडली आणि दुकान परदेशी! हे पहिल्याच पोस्टमध्ये असतं तर अर्धा तास वाचला असता.

रुपयापैसा | रात्री ९:५०
म्हणजे पैसे दुकानापर्यंत पोचले. मधली कंपनी फक्त रुपये गोळा करून पुढे देते. आता असं करा.

दुकानाकडे एकच तिकीट टाका. दोन-तीन टाकलीत तर बऱ्याच ठिकाणी ती एकत्र होतात आणि रांगेत शेवटच्या तिकिटाची वेळ धरली जाते. तिकिटात ऑर्डर नंबर, यूटीआर, रुपयांतली रक्कम, व्यवहाराची वेळ (भारतीय वेळ असं स्पष्ट लिहून), 'सोल्ड आउट' पानाचा आणि 'प्रोसेसिंग'चा स्क्रीनशॉट. मागणी एका वाक्यात: २४ तासांत की द्या, नाहीतर ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत करा. 'मार्गाने' हे नक्की लिहा, नाहीतर दुकानाच्या वॉलेटमध्ये जमा करून मोकळे होतात.

तीच माहिती मधल्या पेमेंट कंपनीच्या ग्राहक मदतीलाही पाठवा. त्यांच्याकडे यूटीआर टाकून व्यवहार पुढे दिला की अजून त्यांच्याकडेच आहे, ते दिसतं.

मिरचीभजी | रात्री ९:५२
आणि यूपीआय ॲपमधून लगेच वादही दाखल करा. दोन्हीकडून रेटा हवा.

रुपयापैसा | रात्री ९:५६
आज नको. दुकानाने उद्या की पाठवली आणि इकडे वाद चालू राहिला, तर दुकानाच्या यंत्रणेत तुम्ही 'माल घेऊन पैसे परत मागणारे' ठरता. खातं गोठतं. पब्लिशर ठरवेल तर स्टीमवर चालू झालेली कीसुद्धा रद्द करू शकतो. आधी दुकानाला मुदत द्या. ती संपली, उत्तर आलं नाही, मग वाद. कार्डाने पैसे दिले असते तर चार्जबॅकलाही (बँकेमार्फत पैसे परत मागायलाही) हाच क्रम.

मिरचीभजी | रात्री ९:५८
मुदत देत बसलात की मुदतच संपते. ग्राहकानेच का नेहमी सभ्य राहायचं?

सावकाश | रात्री १०:०१
कुणाचे १,१४९ अडकलेत आणि भांडतंय कोण!

ओटीएच | रात्री १०:०३
डिजिटल घेताच कशाला? डिस्क घ्या, खेळून झाली की विका. २०२४ च्या ३१ मार्चला द क्रू या गेमचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला गेम चालेनासा झाला. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून 'हे लायसन्स आहे' असं दुकानाला सांगावं लागतं.

ढालतलवार | रात्री १०:०६
द क्रू ची डिस्कही तेव्हाच निकामी झाली, कारण गेम सतत ऑनलाइन लागायचा. उदाहरण तुमच्याच विरुद्ध गेलं. आणि पीसीच्या डब्यात आता बहुतेक वेळा कागदावर छापलेली कीच निघते. मालकी हवी तर गॉग हे दुकान: इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतो, डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नाही, आणि ३० दिवसांत रिफंड मागता येतो.

अवांतर_सम्राट | रात्री १०:०८
अवांतर: मुद्दाम मर्यादित ठेवण्यात निन्टेन्डोचा हात कुणी धरणार नाही. सुपर मारिओ ३डी ऑल-स्टार्स १८ सप्टेंबर २०२० ला आला आणि डिजिटल विक्रीसुद्धा ३१ मार्च २०२१ पर्यंतच. तिथे कीचा गठ्ठा नव्हता की काही नाही, फक्त कॅलेंडर. लोक चिडलेही आणि रांगही लावली.

लोडिंगवाला | रात्री १०:१२
तिकीट टाकलं. आता दुसरा प्रश्न राहिलाच. बारापर्यंत दुसरीकडून घेऊ का? एका ठिकाणी ८९९ ला दिसतोय.

ढालतलवार | रात्री १०:१५
कुठल्या 'एका ठिकाणी'? दुकान आहे की बाजार? बाजार म्हणजे जिथे कुणीही अनोळखी विक्रेता की विकतो. तिथल्या की कधी चोरीच्या कार्डावर घेतलेल्या असतात. फॅक्टोरिओ बनवणाऱ्या वुबेच्या बाबतीत हे झालं होतं: जी२ए या बाजारात विकल्या गेलेल्या १९८ की चोरीच्या निघाल्या आणि २०२० मध्ये जी२ए ने त्यांना भरपाई दिली. ग्राहकाची रद्द झालेली की मात्र कोण भरून देणार?

सावकाश | रात्री १०:२०
घेण्याआधी एवढं बघा:

इजदेअरएनीडील या भाव तुलनेच्या साइटवर गेमचं नाव टाका. तिथे अधिकृत दुकानांचेच भाव असतात. ८९९ वालं त्यात नसेल तर सोडा. तिथेच भावाचा इतिहास दिसतो. गेम याआधी दोनतीनदा ९०० च्या खाली गेला असेल तर बाराची घाई कसली? पुन्हा जाईल.

मग गेमच्या पानावर 'कोणत्या देशांत चालते' ही यादी उघडा. भारत स्पष्ट लिहिलेला हवा. नुसतं 'आशिया' किंवा 'उर्वरित जग' यावर विसंबू नका, कधी भारत त्यात असतो, कधी नसतो. चुकीच्या प्रदेशाची की टाकली तर स्टीम 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' म्हणतं आणि दुकान 'की उघडून बघितली, आता परत नाही' म्हणतं.

भाव युरोत असेल आणि कार्ड वापरणार असाल तर बँकेचा परकीय चलनाचा आकार धरा. साडेतीन टक्के असेल तर ८९९ वर सुमारे ३१ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी साडेपाच. फार नाही, पण भावाची तुलना करताना धरावा. कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का तेही बघा. २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात, ऐन सेलमध्ये व्यवहार नाकारला जातो तो बऱ्याचदा यामुळे.

रुपयापैसा | रात्री १०:२३
आणि पहिल्या ऑर्डरची की उद्या आली तर एकच गेम दोनदा होईल. स्टीम दुसरी की घेणार नाही, 'आधीच तुमच्याकडे आहे' म्हणेल. ती मित्राला देता येते, पण उघडलेली की दुकान परत घेत नाही. दुसरीकडून घ्यायचाच असेल तर आधी तिकिटात 'की नको, फक्त रिफंड' अशी दुरुस्ती करा.

व्हीपीएनशेठ | रात्री १०:२५
मग अर्जेंटिना?

ढालतलवार | रात्री १०:२६
तेही त्याच महिन्यात डॉलरवर गेलं.

लोडिंगवाला | दुसऱ्या दिवशी, दुपारी १:४०
दुकानाचं उत्तर आलं. दोन पर्याय: वॉलेटमध्ये ५ टक्के वाढवून लगेच, किंवा मूळ मार्गाने ७ कामाच्या दिवसांत. ८९९ वाला घेतला नाही, तो यादीत नव्हता. काय निवडू?

मिरचीभजी | दुपारी १:४४
मूळ मार्ग. वॉलेटची मुदत संपते, आणि पुढच्या सेलमध्ये पुन्हा 'फक्त ११ शिल्लक'.

ढालतलवार | दुपारी १:५१
तिथून वर्षात दोनतीन गेम घेत असाल तर वॉलेट वाईट नाही. पण वॉलेट युरोत असेल तर दर त्यांचा लागेल, ५ टक्के त्यातच जातील.

रुपयापैसा | दुपारी २:०५
मूळ मार्ग. निवड त्याच तिकिटात लेखी कळवा आणि रिफंडचा संदर्भ क्रमांक मागून घ्या. पैसे आले की वेगळी नोंद दिसेल, जुना व्यवहार 'यशस्वी'च राहील, त्यामुळे जुन्या नोंदीकडे बघत बसू नका. १,१४९ पूर्ण आले का तेही तपासा, युरोतून परत येताना दर बदलून १५-२० रुपये कमी येऊ शकतात. इनव्हॉइसवर रुपयांतली रक्कम असेल तर फरक मागता येतो. सात दिवसांत नाही आले तर पेमेंट कंपनीकडे लेखी तक्रार. ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची असेल आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर जाता येतं. परदेशी दुकानावर मात्र लोकपालाचा अधिकार चालत नाही.

गेमखुळा_सांगली | दुपारी २:१२
बरं, गेम कुठला होता ते सांगितलंच नाहीत. उन्हाळ्यातला स्टीम सेल आपल्याकडे रात्री साडेदहाला चालू होतो, हिवाळ्यातला साडेअकराला. विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, मेल येतो. आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे?

लोडिंगवाला | दुपारी २:१५
मूळ मार्ग कळवला, संदर्भ क्रमांक मागितला. आभार.
३०६०, १२ जीबी.

गेमखुळा_सांगली | दुपारी २:१६
मग टेक्स्चर अल्ट्रा चालेल.