ड्रोन नंतर घ्या, आधी सेट आणि पत्ता

निवृत्त तांडेल: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'पुण्याचं अग्निशमन दल अजून वायरलेस आणि १०१ वर अडकलंय. सेट मोडीत काढा, ड्रोन आणि ॲप आणा.' वाचून राग आला, म्हणून लिहितोय. मी दलात तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा म्होरक्या होतो; त्याच वायरलेस सेटवर आयुष्यभर वर्द्या, म्हणजे आगीचे निरोप घेतले. तळघरात उतरलं की सेटमधून नुसती खरखर येते. मग एक जवान जिन्याच्या तोंडाशी उभा करायचा. आतला ओरडणार, हा ऐकून बाहेर सांगणार. एकदा आतून 'पाणी बंद' म्हणाले, बाहेर पोचलं 'पाणी वाढवा'. होजला असा झटका बसला की नोझल धरलेला पोरगा भिंतीवर आदळला. तिथे ड्रोन काय करणार? सेटचा आवाज पुढे पोचवणारा रिपीटर द्या. बटण दाबलं की कोण अडकलाय ते बाहेर दिसेल, असे डिजिटल सेट द्या.

औंधकर: पोस्ट माझीच. मोडीत काढा म्हणजे नवे घ्या, हेच म्हणत होतो. तुम्हीही तेच मागताय, मग भांडण कसलं? बालेवाडीच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर खिडकीत कोण उभं आहे ते धुरातून खालून दिसत नाही, ड्रोनवरच्या उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला दिसतं. पेठा म्हणजेच पुणे नाही.

शनिवारातली: पेठेत माणसंच राहतात ना? शेजारच्या वाड्यात आग लागली तेव्हा मी ११२ लावला, तो सगळ्या संकटांसाठीचा एकच नंबर. तो नवी मुंबईत नाहीतर नागपूरला उचलतात. 'मारुतीजवळ' म्हटल्यावर बाई विचारते, कुठला मारुती? पत्र्या, जिलब्या, सोन्या, भिकारदास, काय काय सांगू? फोन ठेवून १०१ लावला, तिथे पहिल्या वाक्यात कळलं. १०१ ला हात लावू नका.

औंधकर: ११२ च्या ॲपमधून लोकेशन आपोआप जातं.

शनिवारातली: सासूबाईंकडे बटणांचा फोन आहे. आणि लोकेशनमधून मजला कळतो का?

बोळातला: बंबाला पत्ता कळून उपयोग काय, आत यायला नको? आमच्या बोळात चार गाड्या कायमच्या उभ्या. मागच्या वेळी जवानांनी खांद्यावरून होज नेली, जोडावर जोड लावत. एका गाडीच्या आरशात होज अडकली तर मालक वरून ओरडतोय, 'आरसा मोडेल!' त्याच्याच शेजारणीचं स्वयंपाकघर जळत होतं. त्यात गणपतीत मांडव.

मंडळाचा कार्यकर्ता: मांडवावर घसरायचं कारण नाही. तो दहा दिवस असतो, तुमच्या गाड्या वर्षभर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा टांगेवाला कॉलनीत शिरला तेव्हा आमचीच पोरं दोर घेऊन पाण्यात होती. तेव्हा तुम्ही कुठे होता?

बोळातला: पोरांना मानतो. पण मांडव दहा दिवस म्हणू नका, खांब आधीपासून रोवता आणि नंतर खड्डे ठेवता. आग काय विसर्जन होईपर्यंत थांबते?

शनिवारातली: दोघंही आपलंच ओढताय. सायरन वाजला की खाली येऊन स्वतःची गाडी कोण काढतं, ते सांगा.

निवृत्त तांडेल: औंधकर, उंच इमारतीपुरता तुमचा ड्रोन मान्य. पण त्याआधी एक करा. आग प्रतिबंधाच्या २००६ च्या कायद्याने सोसायट्यांना जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो कागद फायलीत पडून काय कामाचा? टाकी कुठे, पंप चालू की बंद, जिने किती, हे वर्दी मिळताच बंबातल्या पडद्यावर दिसलं पाहिजे. आम्ही वॉचमनला विचारायचो आणि तो त्याच आठवड्यात कामाला लागलेला असायचा.

औंधकर: हे मला सुचायला हवं होतं. फक्त फॉर्म खरा भरलेला हवा. आमच्या सोसायटीत पंप न चालवताच सही झाली होती.

मंडळाचा कार्यकर्ता: तांडेल, बंबाला रस्ता किती लागतो?

निवृत्त तांडेल: गाडी अडीच मीटर. दारं उघडून होज काढायची तर चार धरा.

मंडळाचा कार्यकर्ता: मांडवाशेजारी साडेतीन उरतात. यंदा अर्धा मीटर आत घेऊ. बोळातल्या चार गाड्यांचं तुम्ही बघा.