मुलं लहान असतानाच्या कॅसेट्स सापडल्या, आणि मी गाणी ऐकणं नेमकं कधी सोडलं तेच आठवेना

सांजवेळ

परवा माळ्यावरचं सामान काढत होते, शोधत होते वेगळंच काहीतरी आणि हाताला लागला एक खोका, त्यात ३४ कॅसेट्स. लेबलं माझ्या अक्षरातली, दोन-तीन लेबलांवर मुलीनं पेन्सिलीनं गिरगटलेलं. मुलगी आता २६ वर्षांची, मुलगा २२ चा, दोघंही नोकरीमुळे लांब. खोका उघडून तिथेच जमिनीवर बसले ती तासभर उठलेच नाही.

आमच्या घरात तेव्हा टेप कायम चालू असायचा. ऑफिसातून आले की पर्स ठेवायच्या आधी प्लेचं बटण दाबायचे, मग कपडे बदलणं, मुलीचा अभ्यास, धाकट्याची अंघोळ सगळं त्या गाण्यांच्या मागे मागे व्हायचं, अमुक गाणं लागलं म्हणजे आता अंघोळ संपायला हवी असा हिशोबच बसला होता माझा. रात्री धाकट्याला झोपवायला एक ठरलेली कॅसेट होती, तिची बी साइड. तिसऱ्या गाण्याला त्याचा अंगठा तोंडातून सुटायचा. पण साइड संपली की ते बटण खट्ट करून वर उडायचं आणि त्या आवाजानं तो दचकून परत जागा व्हायचा, मग मी काय करायचे तर शेवटचं गाणं लागलं की अंधारात टेपजवळ जाऊन बसायचे, स्टॉपच्या बटणावर बोट ठेवून, आणि गाणं संपलं की साइड संपायच्या आधीच हळूच दाबायचे. रोज. दोन-अडीच वर्षं तरी.

आता फोनमध्ये जगातलं प्रत्येक गाणं आहे आणि मी काहीच ऐकत नाही. उघडते, खाली खाली सरकवत राहते, बंद करते. कधी थांबलं ते खरंच सांगता येत नाही, एक दिवस ठरवून सोडलं असं तर झालं नाही. मुलाला विचारलं तर म्हणाला मला त्यातलं काहीच आठवत नाही गं. तो खोटं थोडीच बोलतोय. पण त्या वाक्यानं मला फार लागलं, कारण त्याचा अर्थ त्या सगळ्या रात्री आता फक्त माझ्याकडे आहेत.

अजून एक गोष्ट. त्यातल्या एका कॅसेटवर मी रेडिओवरून गाणी भरली होती. २००६ मध्ये धाकट्यानं, तेव्हा तीन वर्षांचा, लाल बटण आणि प्ले एकदम दाबून माझ्या सगळ्यात आवडत्या गाण्याच्या मधोमध स्वतःचा आवाज भरून ठेवला. दोनेक मिनिटं असेल. मी किती ओरडले होते त्याच्यावर, आणि मला पक्कं माहितीये की ते ओरडणंही त्यात आहे. ती कॅसेट लावायचा धीर होत नाही, आणि न लावताही राहवत नाही.

तर विचारायचं हे की मुलं मोठी झाल्यावर तुमचंही गाणी ऐकणं असं सुटलं का? आणि या कॅसेट्स खराब न करता कॉम्प्युटरवर कशा घेऊ? जुना टेप सुरू होतो पण आवाज डगमगतोय. आणि ती दोन मिनिटं मुलाला पाठवावीत का?

पेन्सिलवाला

ताई बाकीच्या प्रश्नांवर नंतर बोलू, आधी हे करा. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या छोट्या टिकल्या असतात त्या मोडून टाका. ए साइड आपल्याकडे आणि टेप दिसते ती बाजू खाली धरली की डावीकडची टिकली ए साइडची, उलटं धरलं की तसंच बी चं. टिकली मोडलेली असली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. आधीच मोडलेली असेल आणि त्यावर सेलोटेप लावलेला असेल तर तो काढा. तुमच्या मुलाला रेकॉर्ड करता आलं म्हणजे त्या कॅसेटची टिकली नक्की शाबूत आहे किंवा झाकलेली आहे, आणि ऐकताना घाबरून चुकीचं बटण दाबलं गेलं तर ती दोन मिनिटं कायमची गेली, कुठलाही प्रोग्रॅम ती परत आणू शकत नाही.

दुसरं, आवाज डगमगणाऱ्या टेपमध्ये ही कॅसेट अजिबात घालू नका. आतला रबरी बेल्ट सैल पडलेला असतो, तो स्वस्तात बदलून मिळतो. टेप ओढणारं रबरी चाक कडक झालेलं असलं तर टेप गुंडाळून आत ओढली जाते. हेड (टेपला टेकून आवाज वाचणारा धातूचा भाग) आणि चाकाशेजारचा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, तपकिरी थर निघेल, काडी स्वच्छ येईपर्यंत पुसत राहा आणि पूर्ण वाळू द्या. मग जी कॅसेट गेली तरी चालेल अशी एखादी आधी तासभर वाजवून बघा.

इतकी वर्षं पडून असलेल्या कॅसेट्स वाजवायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्या, थर एकमेकांना चिकटलेले असले तर मोकळे होतात. ९० मिनिटांच्या कॅसेटची टेप ६० वालीपेक्षा पातळ असते तेव्हा तिथे जास्त जपून.

कॉम्प्युटरवर घ्यायला टेपच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये, म्हणजे आवाज आत घ्यायच्या भोकात, वायर टाका, ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे त्यात रेकॉर्ड करा. वेव्ह फाइल ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट पुरे, स्टिरिओ मिनिटाला साधारण १० एमबी जातात म्हणजे तासाची कॅसेट ६०० एमबीच्या आसपास, आजच्या डिस्कला हे काहीच नाही. एमपीथ्री हवी असली तर त्यावरून वेगळी बनवा. आणि मूळ फाइलमधली खरखर काढायच्या भानगडीत पडू नका, ती काढताना लहान मुलाच्या बोलण्यातले स आणि श सगळ्यात आधी जातात.

तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई करता येत नाही. मला विचाराल तर ते बरंच आहे.

रातराणी

मी अजून त्या काळातच आहे, मोठी चार वर्षांची आणि धाकटी एक. तुमचं वाचताना मोठी मागे बसून एकच गाणं सलग लावतेय, नववी वेळ असेल.

मला थोडं वेगळं वाटतं. तुम्ही गाणी ऐकणं सोडलं नाही, गाणी ज्याला बांधलेली होती ती कामं संपली. अंघोळ संपली, झोपवणं संपलं, मग गाण्यानं लागायचं कशाला? माझं तरी आता सगळं ऐकणं कुठल्यातरी कामाच्या आधारानंच होतं, नुसतं बसून शेवटचं कधी ऐकलं मलाही आठवत नाही.

पण एक विचार करून पोटात गलबललं. माझ्याकडे खोका उरणारच नाहीये. आमचं सगळं फोनवर, कुठलं गाणं किती वेळा लावलं ते कुठेतरी नोंदलं जात असेल पण वीस वर्षांनी माळ्यावरून हातात पडेल असं काय आहे? ना लेबल ना गिरगटलेलं. व्हिडिओ हजारो आहेत पण ते सगळे आम्ही मुद्दाम काढलेले, कॅमेऱ्याकडे बघ, हस. तुमच्यासारखं चुकून रेकॉर्ड झालेलं एकही नाही. आज रात्री झोपवताना फोन रेकॉर्डवर टाकून बाजूला उलटा ठेवणार आहे.

थोरला

मी मुलांच्या बाजूनं बोलतो, वय २८, आईवडिलांच्या कॅसेट्सवर वाढलेला.

तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये, साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी कुणालाच फारसं आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे आत काहीच नाही असं समजू नका प्लीज. २०१३ चा एक अभ्यास आहे, कॅरल क्रुमहान्सल (कॉर्नेल विद्यापीठ) आणि जस्टिन झुपनिक यांचा. कॉलेजातल्या विशीच्या मुलांना १९५५ ते २००९ पर्यंतची हिट गाणी ऐकवली आणि ओळखीचं वाटतं का, आवडतं का, काही आठवतं का असं विचारलं. स्वतःच्या वाढत्या वयातली गाणी जवळची निघणार हे उघडच होतं. पण मध्येच आणखी एक उंचवटा दिसला, ही मुलं जन्मायच्या आधीच्या गाण्यांचा, म्हणजे त्यांचे आईवडील तरुण असतानाची. घरात वाजलेलं झिरपतं ते असं.

माझं सांगतो. बाबांची एक कॅसेट होती, त्यातलं एखादं गाणं आज कुठेही लागलं आणि संपलं की माझ्या डोक्यात आपोआप त्याच्या पुढचं गाणं सुरू होतं, कॅसेटच्या क्रमानं. फोनवर दुसरंच काहीतरी लागतं आणि मी क्षणभर गोंधळतो. ती कॅसेट लावल्याचा एकही प्रसंग मला आठवत नाही, क्रम मात्र पाठ आहे. मुलाला आठवतं का म्हणून विचारूच नका, बी साइडचं तिसरं गाणं लावा आणि संपल्यावर गप्प बसा. बघा तो पुढचं गुणगुणतो का.

आणि ती दोन मिनिटं पाठवाच, ओरडण्यासकट. ते कापून पाठवू नका. माझी आई आता नाही. ती रागावलेली असतानाचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही, सगळीकडे वाढदिवसाचाच आवाज आहे.

कानात बोळे

पेन्सिलवाल्यांनी सांगितलं त्यात एक भर, माझ्या अनुभवावरून. मी २००९ मध्ये सगळ्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर घेतल्या आणि जागा होते म्हणून मूळ कॅसेट्स टाकून दिल्या. एकच हार्ड डिस्क होती, ती दोन वर्षांनी बंद पडली. त्यात मुलीची दीड वर्षाची असतानाची बडबड होती. तेव्हा तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर, आणि मूळ कॅसेट मुळीच टाकू नका. कोणी सीडीवर उतरवून ठेवलं असेल तर तेही आता हलवा, घरी लिहिलेल्या सीडीचा थर काही वर्षांनी खराब होऊ शकतो.

आता जे सांगतोय ते मी घरी पण कुणाला बोललो नाहीये. सांजवेळताई, तुम्ही गाणी मोठ्यानं लावलीत. मी त्याच वर्षांत वॉकमन लावून बसायचो, दिवसभराचा थकवा असायचा, मुलं समोर खेळत असायची आणि माझ्या कानात माझी गाणी. फार गाणी ऐकली मी त्या काळात, मनापासून ऐकली. आज त्यातलं एखादं लागलं की मला मुलांची तोंडं हललेली दिसतात पण त्यांचे शब्द नाहीत. ऐकलेच नव्हते तर येणार कुठून. तुम्हाला वाटतंय तुमच्या हातून काहीतरी सुटलं, मला वाचताना तसं अजिबात वाटलं नाही.

सांजवेळ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आणि कानात बोळे, तुम्ही इथे लिहिलंत ते मुलीलाही सांगा असं मला वाटतं, ती मोठी आहे, ऐकून घेईल.

बेल्ट बदलून आणला, हेड पुसलं (सात काड्या लागल्या), टिकल्या मोडल्या. ती टिकली खरंच शाबूत होती, हातात कॅसेट धरून अंगावर काटा आला. आधी दोन दुसऱ्या कॅसेट्स वाजवून बघितल्या मग काल रात्री ती लावली.

ओरडणं आहे. माझ्या आठवणीत होतं तितकंच, कमी नाही. "हात लावू नको म्हणून किती वेळा सांगितलं" असं, आणि मग तो गप्प होतो. पण त्याच्या आधी सव्वा मिनिट तो नुसता माइकजवळ श्वास घेतोय आणि मधेच हळू आवाजात "आई हे चालू झालं" म्हणतोय, मला सांगत होता तो, मी आतल्या खोलीत होते मला ऐकूच गेलं नव्हतं. आणि त्याच्या मागे, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, मुलगी आहे. सात वर्षांची. लांबून सातचा पाढा म्हणतेय, सात आठेला अडकते, परत पहिल्यापासून सुरू करते, परत तिथेच अडकते. मी ओरडल्यावर तो पाढाही थांबतो. एकोणीस वर्षं मी ही कॅसेट धाकट्याची समजत होते.

मग खट्ट होऊन मूळ गाणं ओळीच्या मधूनच परत सुरू होतं. मी ते साइड संपेपर्यंत ऐकलं, दुसरं काहीही न करता. शेवटच्या गाण्याला हात स्टॉपच्या बटणावर गेला होता, मग काढून घेतला आणि होऊ दिलं खट्ट.

दोघांनाही पाठवलं, न कापता. मुलाचा मेसेज आला की माझा आवाज असा होता? आणि खाली, तू रागावली होतीस का खूप. मी हो लिहिलं आणि सॉरी लिहिलं. मुलीनं सरळ फोनच केला, तिला ती संध्याकाळ आठवत नाही पण गाणी कुठल्या क्रमानं होती ते तिनं धडाधड सांगितलं, थोरला तुम्ही म्हणालात अगदी तसंच. बी साइडचं तिसरं गाणं मुलगा पुढच्या महिन्यात घरी येईल तेव्हा लावीन, त्याला आधी काही सांगणार नाहीये.

अजून ३१ राहिल्यात. पेन्सिलवाले, एका कॅसेटमध्ये टेपच्या मागची ती स्पंजची गादी सुटून आत पडलीये, आवाज अगदी बारीक येतो. काय करू?

पेन्सिलवाला

ती गादी टेपला हेडवर दाबून धरते म्हणून आवाज बारीक येतो, टेपला काही झालेलं नाही. कॅसेटला कोपऱ्यांत स्क्रू असतील तर काम सोपं आहे. तितक्याच लांबीची एक बिनमहत्त्वाची, स्क्रूवाली कॅसेट घ्या, सपाट टेबलावर उघडा, तुमच्या टेपची दोन्ही चाकं टेपसकट एकदम उचलून त्या रिकाम्या खोक्यात बसवा आणि बंद करा. उघडायच्या आधी टेप कुठून कशी फिरलीये त्याचा फोटो काढून ठेवा. स्क्रू नसतील, चिकटवलेली असेल तर स्वतः उघडू नका, फोटो इथे टाका मग सांगतो.

आणि लेबल जुन्या खोक्यावरच राहू द्या, तो खोका टाकू नका.