अंधार तोच, मग मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीमधली एन्झाइम्स मादीच्या ऋतुचक्रानुसार (माजाच्या चक्रानुसार) का बदलतात?

प्रश्न
मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राला आहे. पिनिअलमधलं मेलाटोनिन हे संप्रेरक अंधारावर चालतं हे ठाऊक आहे. पण उंदराच्या मादीत ऋतुचक्रानुसार एचआयओएमटीची (मेलाटोनिन बनवण्याच्या शेवटच्या पायरीच्या एन्झाइमची) क्रिया बदलते, असं सरांनी सांगितलं. दुसरीकडे, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात मेलाटोनिन जास्त आढळतं. म्हणजे इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) ही एन्झाइम्स वाढवतं, असं समजायचं का?

उत्तर १
उलट आहे. वुर्टमन आणि अ‍ॅक्सेलरॉड या संशोधकांनी 1965 मध्येच दाखवलं की मादी माजावर येते तेव्हा एचआयओएमटी उतरतं.

उत्तर २
मी बरीच वर्षं उंदरांच्या पिनिअलवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रात्री नॉरअ‍ॅड्रेनालिन हा चेतातंतूंतून येणारा रासायनिक निरोप पिनिअल पेशीच्या बीटा रिसेप्टरवर बसतो, पेशीत तो निरोप पुढे नेणारं सायक्लिक एएमपी वाढतं आणि एएएनएटी हे मेलाटोनिन बनवणारं दुसरं एन्झाइम जागं होतं. उंदरात त्याची क्रिया दिवसाच्या कितीतरी पट चढते. इस्ट्रॅडिऑल (अंडाशयातलं मुख्य इस्ट्रोजेन) हात घालतं ते या साखळीत. अंडाशय काढलेल्या मादीत रात्रीचं मेलाटोनिन वाढतं, इस्ट्रॅडिऑल दिलं की पुन्हा खाली येतं. वेळ अंधारच ठरवतो. पेशी त्या हाकेला किती ओ देणार, यात अंडाशयाचाही वाटा असतो.

म्हणून मादी कोणत्या अवस्थेत आहे हे न पाहता ग्रंथी काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. योनिस्राव काचपट्टीवर घ्या: नुसत्या चपट्या, केंद्रक नसलेल्या पेशी दिसल्या तर माज, पांढऱ्या पेशींची गर्दी असेल तर डायइस्ट्रस, म्हणजे दोन माजांमधली अवस्था. चक्र चार-पाच दिवसांचं, त्यामुळे रोज बघावं लागतं. रात्रीचे नमुने मंद लाल दिव्यात घ्या, कारण उजेड पडला की एएएनएटी काही मिनिटांत कोसळतं. आणि कवटीचं झाकण उचलल्यावर आधी त्याची आतली बाजू तपासा. जेमतेम मिलिग्रॅमभराची ती ग्रंथी बहुतेक वेळा तिथेच चिकटून येते.

गोळ्यांचं म्हणाल तर तिथे यकृताकडे बघा. मेलाटोनिन मोडतं ते मुख्यतः सीवायपी1ए2 हे यकृतातलं एन्झाइम. गोळीतलं इथिनिल इस्ट्रॅडिऑल त्यालाच रोखतं, म्हणून रक्तात मेलाटोनिन साचतं. रक्तातल्या आकड्यावरून पिनिअलमधल्या एन्झाइमचा निष्कर्ष काढू नका.

प्रश्नकर्ती
खूप आभार, मॅडम. नरांमध्येही असंच असतं का?

उत्तर २
माणसात तरी दिशा तीच दिसते. हायपोगोनाडोट्रॉपिक हायपोगोनाडिझम (मेंदूकडून संदेश कमी आल्याने वृषणांतून टेस्टोस्टेरॉन कमी बनणं) असलेल्या, उपचार न घेतलेल्या तरुणांत रात्रीचं मेलाटोनिन जास्त आढळलं. टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर ते उतरलं. पण हेही रक्तातलेच आकडे. एन्झाइम मोजायचं तर ग्रंथीच हातात असावी लागते, म्हणून तुमच्या प्रकल्पासाठी मादी उंदीरच घ्या.