बंद घरवाल्यांनी वाडीत बोलायचं नाही?

गडनदीकाठ:
परवा आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लिहिलं: "वर्षभर दाराला कुलूप आणि चतुर्थीला मान पाहिजे. बंद घरांच्या परड्यातलं रान कोण काढणार? यापुढे बैठकीत ज्यांची चूल बारा महिने पेटते त्यांनीच बोलायचं. बंद घरांनी वर्गणी दुप्पट द्यायची." खाली अठरा अंगठे. त्यातले दोन माझ्या सख्ख्या चुलत भावांचे. त्या ग्रुपवर माझी आईपण आहे, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे लिहितो.

आमचं गाव कणकवली तालुक्यात. वडील सोळाव्या वर्षी मुंबईला गेले ते हौस म्हणून नाही. भात जेमतेम शिमग्यापर्यंत पुरायचं आणि घरात खाणारी तोंडं अकरा. लालबागला गावकीच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळाली, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. पगार झाला की आधी गावाला मनिऑर्डर, मग खानावळीचे पैसे. १९८२ च्या जानेवारीत संप झाला आणि वडिलांना ती गिरणी पुन्हा दिसली नाही. ते वर्ष आम्ही गावीच काढलं, मी तेव्हा दुसरीत. नंतर त्यांनी भांडुपला रात्रपाळीची वॉचमनकी केली. तरीही शाळेवर कौलं घालायची वेळ आली तेव्हा मुंबईच्या मंडळाने जी वर्गणी काढली, तिच्यात वडिलांचे पैसे आहेत. ती पावती आईच्या ट्रंकेत अजून आहे. त्याच शाळेत शिकलेली पोरं आता मला सांगतात, तू बोलायचं नाही.

घर बंद का, तेही ऐका. घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. मागची पडवी कोसळली. ती उभी करायची तर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. दोघांचा पत्ता नाही, एक बडोद्याला आहे तो फोन उचलत नाही. घरपट्टी मात्र दर वर्षी मी एकटा भरतो. आमचा पाच दिवसांचा गणपती त्याच घरात बसतो. त्यासाठी रेल्वेचं बुकिंग उघडतं त्या सकाळी आठच्या ठोक्याला आम्ही तिघं तीन फोन घेऊन बसतो आणि दोन मिनिटांत वेटिंग लागतं. ज्याला घराची ओढ नाही तो हे कशाला करेल?

खळ्यातला:
दादा, अठरा अंगठ्यांत माझा एक आहे. तुमच्या वडिलांबद्दल कोणी वाईट शब्द काढलेला नाही, काढणारही नाही. पण संपाची गोष्ट सांगून परड्यातलं रान निघत नाही.

पाण्याचं तुम्ही एका शब्दाने लिहिलं नाही. नळयोजना करताना माणशी रोज ५५ लिटर धरतात, आणि माणसं धरतात ती गावात राहणारी. मे महिन्यात वाडी तिप्पट होते. टाकी सकाळी साडेसातला कोरडी. गेल्या मे महिन्यात मोटार जळली, तेव्हा बावीस दिवस बायकांनी खालच्या विहिरीवरून हंडे आणले. त्याच्या आदल्या आठवड्यात दोन बंद घरांतली मंडळी नळी लावून खळ्यात, म्हणजे अंगणात, गाड्या धूत होती. आम्ही बघत होतो. पाहुण्यासारखी आलेली माणसं, म्हणून कोणी बोललं नाही. मोटारीसाठी वर्गणी काढली तर मुंबईहून निरोप आला, "आम्ही तर दहाच दिवस होतो."

म्हणून ती दुप्पट वर्गणी. राग पैशाचा नाही. बैठकीत आम्ही ठरवायचं आणि मग फोनवरून कोणीतरी "असं नको, तसं करा" म्हणायचं, त्याचा आहे.

सातबारा:
वाडीची बैठक म्हणजे ग्रामसभा नव्हे, त्यामुळे तिथे कोणी बोलावं याला कायदा नाही. ग्रामसभेचं विचाराल तर गावच्या मतदार यादीत नाव असेल तोच सभासद. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी चालत नाही. आणि नुसतं मालकीचं घर आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच लिहिलंय. म्हणजे डोंबिवलीला मतदान करणाऱ्याला ग्रामसभेत मत नाही. गडनदीकाठ, हे कडू आहे, पण आहे.

आता दुसरी बाजू. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तो. वर्षाला किमान चार सभा. आमच्या गावात त्यातल्या तीन तहकूब होतात, कारण माणसंच येत नाहीत, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग सात-आठ जण बसून गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर करतात. महिलांची सभा आधी घ्यायची असते, ती कागदावर होते. मी तीन वर्षं अर्ज देतोय. बारा महिने चूल पेटवणारे त्या दिवशी कुठे असतात? आधी स्वतः बोला, मग दुसऱ्याचं तोंड बंद करा.

पडवी:
तुम्ही मान नि वर्गणी घेऊन बसलात. वानरांचं कोण बोलणार?

आमच्याकडे, देवगडच्या बाजूला, दोन्ही शेजारची घरं बंद. त्यांच्या आवारात फणस, पेरू, चिकू, सगळं पिकून तिथेच गळतं. टोळी सकाळी तिथे उतरते, पोट भरतं, मग कौलांवरून उड्या मारत आमच्याकडे. दर पावसाळ्याआधी कौलं परतायची आणि दर पंधरा दिवसांनी फुटलेली बदलायची. शेवटी मागच्या बाजूला पत्रा घातला. उन्हाळ्यात त्या खोलीत बसवत नाही. परसातली भेंडी, दोडकी, पडवळ लावणं सोडलं. कुळीथ सोडला. नारळाची कोवळी बोंडं खाली पडलेली गोळा करायची, एवढंच काम उरलंय. सासूबाई काठी घेऊन हाकलायला गेल्या, एक मोठा नर अंगावर आला, त्या मागे सरताना पायरीवरून पडल्या. उजवा हात मोडला.

बंद घरवाल्यांना बोलायचं असेल तर आधी यावर बोला.

गडनदीकाठ:
ताई, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण वानर आमच्या कुलपामुळे आले हे मला पटत नाही. वरच्या डोंगरात जंगलतोड कोणी केली? आमच्या गावचा अख्खा सडा, म्हणजे वरचा कातळाचा माळ, जेसीबी लावून साफ केला आणि काजू लावला, तो चाकरमान्यांनी नाही केला.

तिसरी पिढी:
माझा जन्म पुण्याचा, गाव वर्षातून दोनदा. एक विचारते, राग मानू नका. घाटातून येताना गाड्या थांबवून माकडांना वेफर्स आणि केळी देतात, ते कोण? मी आंबोलीला स्वतः पाहिलंय. एकदा माणसाच्या हातचं खायला मिळालं की ती झाडावरचं कशाला शोधतील? त्यात आपलेच लोक असतात, चतुर्थीला येणारे. माझ्या काकांनीच दिलं होतं आणि मी मागच्या सीटवरून फोटो काढला होता.

सातबारा:
वनखातं पिकाची नुकसानभरपाई देतं. पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत वानर पुढच्या गावात पोचलेले असतात, आणि भरपाई पिकाची. परसातल्या चार पडवळांची आणि फुटलेल्या कौलांची कोण देणार? हिमाचलात माकडांची नसबंदी कित्येक वर्षं चालू आहे. आपल्याकडे अजून पकडून दुसरीकडे सोडायच्या गोष्टी चालतात. दुसरीकडे म्हणजे कुठे? दुसऱ्या कोणाच्या तरी परड्यात.

खळ्यातला:
सडा आमीच साफ केलो, होय. काजू नाय लावलो तर खातलो काय? मुंबैसून मनिऑर्डर येवची बंद झाली त्याका तीस वर्षां झाली. आता गाव काजूवर आणि आंब्यावर चलता, चाकरमान्यांवर नाय.

आणि पडवीताई म्हणतात ते बरोबर आहे. उघड्या घराच्या आवारात माणूस असतो, कुत्रा असतो, चुलीचा धूर असतो. बंद घराचं रान माझ्या कंबरेएवढं. आमच्या वाडीत मार्चमध्ये असंच वाळलेलं गवत पेटलं. आग एका बंद परड्यातून निघाली आणि गडग्यापलीकडची (दगडी कुंपणापलीकडची) माझी सतरा कलमं करपली. बारा वर्षांची कलमं. मालक अंधेरीला. फोन केला तर म्हणाले, "आता मी तिथून काय करू?"

परतलेला:
मी दोन्हीकडचा आहे. छत्तीस वर्षं मुंबईत नोकरी, निवृत्त होऊन गावी आलो त्याला सहा वर्षं झाली. मुंबईत असताना मीही गडनदीकाठसारखंच बोलायचो. आमचा मान घराण्याचा आहे, देवळात गाऱ्हाणं घालताना, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालताना, आमच्या घराचं नाव आधी घेतात, मग वाडी मला विचारणार नाही तर कोणाला? गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या जुन्या रीतीत, मान घराचा असतो हे खरंच आहे. पण इथे राहायला लागल्यावर कळलं, मानाबरोबर कामही घराचं असतं. देवळाची साफसफाई, व्हाळाला (ओढ्याला) बांध घालणं, कोणाच्या घरी मयत झालं तर लाकडं फोडणं. ही कामं मी छत्तीस वर्षं केली नाहीत. ती कोणीतरी माझ्या वाटची केली. मला त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

तरीही तोंड बंद करा म्हणणं चुकीचं. गावात आज म्हातारी माणसं किती आणि पोरं किती ते मोजा. आमच्या शाळेत पट नऊ. बंद घरांशी संबंध तोडले तर पंधरा वर्षांनी बैठकीला बसायला माणूस कुठून आणणार?

गडनदीकाठ:
परतलेला, तुमचं पटतं. व्हाळाच्या बांधाला मी आयुष्यात दगड लावलेला नाही, हे कबूल.

पण मग माझंही एक ऐका, पाच वर्षं पोटात आहे. २०२० च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, आम्ही पास काढून गावी आलो. डोंबिवलीत चाळीत एकाच मोरीवर सहा घरं, आई सत्तरीची, तिला तिथे ठेवायचं धाडस झालं नाही. गावच्या वेशीवर बांबू आडवा. चौदा दिवस शाळेत. कुठल्या शाळेत ते मी वर लिहिलंय. वडिलांच्या वर्गणीची कौलं डोक्यावर आणि आई सतरंजीवर. समोर आमचं घर दिसत होतं. सख्खा चुलत भाऊ जेवणाचा डबा गडग्यावर ठेवायचा आणि आम्ही बाहेर यायच्या आत वळायचा. हाक मारली तरी थांबला नाही. आई रडायची नाही, नुसती घराकडे बघत बसायची. त्यालाही आता अठरांत अंगठा द्यायचा सुचला.

खळ्यातला:
त्या शाळेत रोज सकाळी ताप बघायला यायची ती आशा सेविका माझी बायको. तुमच्या आईला तिने घरून पेज आणून दिली, ते लिहायला विसरलात.

त्या दोन महिन्यांत वाडीने तिला विहिरीवर येऊ दिलं नाही. आमच्या पोराला खळ्यात कोणी खेळायला घेतलं नाही. आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर, वाडीत साठीच्या पुढची एकतीस माणसं. बांबू आडवा घातला नसता आणि चार म्हातारी दगावली असती तर तुम्हीच म्हणाला असता, गावाने काळजी घेतली नाही. तुमचा भाऊ वळायचा, कारण त्याच्या घरात बाळंतीण होती. त्याला विचारलंत कधी?

गडनदीकाठ:
नाही विचारलं.

पेज आणायची ती तुझी बायको हे मला माहीत नव्हतं. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, आम्हाला नुसते डोळे दिसायचे. आई अजून त्या पेजेचं नाव काढते. तिला सांगतो.

बाकी माझं म्हणणं तेच आहे. दुप्पट वर्गणी पाण्यासाठी असेल तर देतो, मोटारीचे राहिलेले पैसेही देतो, कोणाकडे द्यायचे ते सांग. पण बोलायचं नाही ही अट मी मानणार नाही.

पडवी:
चला, मोटारीचं झालं. वानरांचं तसंच राहिलं. सोलरची तार लावून कोणाला फरक पडलाय का? रानडुक्कर थांबतो असं ऐकलं, पण वानर झाडावरून येतो त्याला तार काय करणार? आणि पीव्हीसीच्या पाइपात कार्बाइड घालून उडवतात ती बंदूक कोणी सुचवू नका. ती फुटून आमच्या शेजारच्या गावात एका पोराचा डोळा गेलाय.

परतलेला:
जाळं टाकून भाजी होते, चार-पाच गुंठ्यांपुरती. फणसावर इलाज नाही. बंद आवारातले फणस-पेरू पिकायच्या आधी काढून घेतले तर टोळी निदान तिथे मुक्काम करत नाही, हा माझा अनुभव. पण परक्याच्या आवारात शिरून फणस कोण काढणार? उद्या चोरीचा आळ यायचा. गडनदीकाठ, तुमच्या घराची किल्ली गावात कोणाकडे आहे?

गडनदीकाठ:
भावाकडे असायची. २०२० नंतर मागून घेतली.

खळ्यातला:
म्हणूनच मागची पडवी पडली दादा. तो दर पावसाआधी वर चढून कौलं परतायचा. संमतीपत्रावर सही करून नाही चढायचा.

अंगठा मी काढणार नाही. मोटारीचे पैसे माझ्या बायकोकडे द्या, हिशोब तिच्याकडे असतो. फणस यंदा खूप धरलाय तुमच्याकडे, वानर लागलेत. किल्ली पाठवणार असाल तर या आठवड्यात पाठवा, आणि भावाकडेच पाठवा.