डोंगरातलं तळं : पूर्ण फेरी मारावी की अर्ध्यातून परतावं?

पायपीट : येत्या रविवारी बाबांना (वय ६८, डावा गुडघा कुरकुरतो) आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन डोंगरातल्या तळ्यावर जायचंय. गाडी लावली की २ किमी वाट, ३०० मीटर चढ, मग काठाकाठाने ३ किमीची फेरी. पाटीवर ‘दीड तास’ लिहिलंय. मागच्या खेपेला अशाच पाटीवर भरवसा ठेवला आणि मोबाइलच्या उजेडात उतरलो. शिवाय ते फोटोतलं डोंगराचं प्रतिबिंब मला आजवर दिसलेलं नाही. मी पोचलो की पाण्यावर लाटा!

कातळकडा : दीड तास कुणी धरला देव जाणे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२चा हिशेब अजून चालतो : ५ किमीला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक. तुमचे जाऊन-येऊन ७ किमी, म्हणजे दोन तासांना जरासे कमी. तेही धडधाकट माणसाचे, कुठेही न टेकता. तुम्ही चार धरा.

दवबिंदू : प्रतिबिंबासाठी उजाडता उजाडता पोचा. ऊन वर आलं की उतार तापतात, त्यांना लागलेली हवा वर सरकते आणि खालून वारा सुटतो. मग संपलं. फोटो उभ्याने काढू नका, पाण्याशी उकिडवे बसा.

कातळकडा : गुडघ्याला चढापेक्षा उतार छळतो. काठी न्या, उतरताना ती आधी पुढे टेकवायची. आणि लेकीचा हात सोडू नका. नितळ पाण्याचा तळ असतो त्याच्या पाऊणपटच खोल भासतो, नि काठचे दगड शेवाळाने बुळबुळीत असतात.

पायपीट : आभार. पहाटे निघतोय. बाबांना चार तासांचं सांगितलं, तर म्हणाले, “मी काठावर बसतो, तुम्ही दोघं मारा फेरी. थर्मास मात्र माझ्यापाशी ठेवून जा.” लेकीला प्रतिबिंबाचं काहीच पडलेलं नाही. तिचा एकच प्रश्न आहे, तिथे बेडूक असतील का. त्यावर कुणी बोललंच नाही.

दवबिंदू : गवताळ, उथळ काठ बघा. आणि आधी ऐका, मग जा. पावलं वाजली की टुणकन पाण्यात.